‘हॉलंड, १९४५’: एका इंडी रॉक गीताचा अर्थ आणि ॲन फ्रँकचा इतिहास

१/ १० फेब्रुवारी १९९८ रोजी अमेरिकेतील ‘मर्ज रेकॉर्ड्स’ या छोट्या स्वतंत्र कंपनीने ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ या इंडी रॉक बँडचा दुसरा अल्बम प्रकाशित केला. नाव ‘इन दि एरोप्लेन ओव्हर द सी’. त्यातील ‘हॉलंड, १९४५’ या गीताचा अर्थ श्रोते आजही लावीत आहेत.

२/ गीतकार-गायक जेफ मँगम याचा जन्म १९७० चा, लुईझियाना राज्यातील रस्टनचा. महायुद्ध त्याने पाहिलेले नाही. १९९६ च्या सुमारास एका पुस्तकांच्या दुकानात ॲन फ्रँकची डायरी त्याच्या हाती लागली. ती वाचल्यावर आपण सुमारे तीन दिवस रडत होतो, असे त्याने मुलाखतीत सांगितले आहे.

३/ या गीतात ॲनचे नाव कोठेही येत नाही. येते ती जिवंत पुरलेली एक मुलगी, जवळ फक्त तिची बहीण, काही आठवड्यांनी होणारा बंदुकांचा वर्षाव, आणि पुढे स्पेनमधील एक लहान मुलगा होऊन तिचे परत येणे. हे तपशील ऐतिहासिक साधनांशी ताडून पाहता काय दिसते?

४/ ॲनचा जन्म १९२९ मध्ये फ्रँकफुर्टला झाला. ६ जुलै १९४२ पासून फ्रँक कुटुंब ॲम्स्टरडॅमच्या प्रिन्सेनग्राख्त २६३ या इमारतीच्या मागील भागात लपून राहिले. तेथे एकूण आठ जण होते. ४ ऑगस्ट १९४४ रोजी सर्वांना अटक झाली. ३ सप्टेंबरला त्यांना वेस्टरबोर्क छावणीतून ऑशविट्झकडे नेण्यात आले.

५/ पुढे ॲन आणि तिची थोरली बहीण मार्गोट यांची रवानगी जर्मनीतील बेर्गन-बेल्झन छावणीत झाली. तेथे टायफसची साथ होती. आधी मार्गोट गेली, पाठोपाठ ॲन. हे मृत्यू मार्च १९४५ मधील मानले जात. ॲन फ्रँक हाऊसच्या २०१५ मधील संशोधनाने फेब्रुवारी अधिक संभवनीय ठरवला. १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्य छावणीत पोहोचले.

६/ म्हणजे बहिणीची सोबत खरी आणि मुक्ततेपूर्वीचे थोडे आठवडेही खरे. जिवंत पुरले जाणे मात्र खरे नाही. बंदुकांचा वर्षावही तेथे झाला नाही. ती छावणी स्थानिक युद्धविरामाच्या करारान्वये ब्रिटिशांच्या हाती आली.

७/ मग गीत खोटे ठरते का? १९४५ मध्ये काय घडले, यासाठी ते साधन नव्हेच. युद्धानंतर पंचवीस वर्षांनी जन्मलेल्या एका वाचकाला ती डायरी कशी भिडली, याचे मात्र ते अस्सल साधन आहे.

८/ भूतकाळात जाऊन ॲनला वाचवावे, अशी स्वप्ने आपल्याला पडत, असेही मँगमने सांगितले आहे. डायरीतील शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची. पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक असते, लिहिणारीला नसते. गीतातील पुनर्जन्म या असहायतेतून आला असावा, हा अर्थ कवीच्या स्वतःच्या शब्दांशी जुळतो.

९/ सगळे अर्थ असे जुळत नाहीत. गीतात पांढऱ्या गुलाबांची प्रतिमा आहे. म्युनिकमध्ये ‘व्हाइट रोझ’ नावाचा नाझीविरोधी गट होता. त्यातील हान्स आणि सोफी शोल या भावंडांना २२ फेब्रुवारी १९४३ रोजी मृत्युदंड देण्यात आला. ही सांगड मोहक आहे; परंतु केवळ शब्दांचे साम्य म्हणजे पुरावा नव्हे.

१०/ शीर्षकाची कथा तर अधिकच बोलकी आहे. गीताला ‘हॉलंड’ म्हणावे की ‘१९४५’, हे मँगमचे ठरत नव्हते. अल्बमचे कलाकाम करणाऱ्या क्रिस बिल्हायमरने दोन्ही ठेवण्याचे सुचवले. ज्या जोडीत गूढ अर्थ शोधला जातो, ती अशी अनिश्चयातून जन्मली.

११/ १९४५ मध्ये ॲन हॉलंडमध्ये नव्हतीच. मात्र तिचे वडील ओटो फ्रँक ३ जून १९४५ रोजी ॲम्स्टरडॅमला परतले. आठ जणांपैकी ते एकटेच वाचले होते. जुलैमध्ये मुलींच्या मृत्यूची खात्री पटली, तेव्हा मीप गीस यांनी जपून ठेवलेली ॲनची पाने त्यांच्या हाती दिली.

१२/ हॉलंड, १९४५. डायरी वाचकाच्या हाती प्रथम आली ती याच ठिकाणी, याच वर्षी. शीर्षकाला हा अर्थ विलक्षण शोभतो. तरीही तो ऐकणाऱ्याने दिलेला अर्थ आहे, हे मान्य करायला हवे. घटना, कवीचा हेतू आणि श्रोत्याचा अर्थ या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

१३/ हा काटेकोरपणा केवळ पंडिती हौस नव्हे. ही डायरी बनावट असल्याचा अपप्रचार ज्यूंचा नरसंहार नाकारणाऱ्यांनी वर्षानुवर्षे केला. अखेर हस्ताक्षर, कागद आणि शाई यांची शास्त्रीय तपासणी करावी लागली, आणि तिच्या निष्कर्षांसह १९८६ मध्ये चिकित्सक आवृत्ती निघाली. कल्पिताला इतिहास म्हणून पुढे केले, तर अशा अपप्रचाराला आयतेच निमित्त मिळते.

१४/ मार्च १९४४ मध्ये निर्वासित डच सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन यांनी रेडिओवरून नागरिकांना युद्धकाळातील डायऱ्या आणि पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले. ते ऐकून, पुढे पुस्तक व्हावे या हेतूने, ॲनने आपली डायरी पुन्हा लिहायला घेतली. अटकेच्या दिवशी ते काम अपुरेच होते. गीत ऐकून कुतूहल जागे झाले असेल, तर तिने स्वतः निवडलेले शब्द त्या पानांत आहेत.