चित्रांची पुस्तके आणि हंगामाचे खेळ



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे वक्ता बहुधा एखाद्या गडावर चढतो. आम्ही आज फार तर एका फळीवर चढणार आहोत. हदगावात हमाल, जिनिंगमधील मजूर आणि ऊसतोडीला जाणारी माणसे ह्यांच्या संघटनेची एक खोली आहे, तिच्यातील पुस्तकांची ही फळी. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून अधिक झाले. तेव्हा पंडितांनी सांभाळून घ्यावे.

ह्या खोलीत मुले येतात ती दोन गोष्टींच्या ओढीने. एक म्हणजे चित्रांची पुस्तके, आणि तीही राजाराणीची नव्हेत. वारूळ आतून कसे असते, विहिरीला पाणी कोठून येते, आगगाडी वळणावर कशी वळते, असली. दुसरी ओढ बापाच्या मोबाइलवरील खेळाची. त्या खेळांनाही आता हंगाम असतात. ऑक्टोबरअखेर भोपळ्यांना डोळे फुटतात, दिवाळीत पणत्या लागतात, डिसेंबरात सगळा मुलूख बर्फाने पांढरा होतो. ठरलेले दिवस संपले की उत्सव बंद, आणि राहिलेले बक्षीसही गेले. मुलांना रागवावे म्हणून आम्ही एकदा शेजारी बसलो आणि तासभर स्वतःच बर्फातून धावलो, हे येथे कबूल करून टाकतो. पैसे लावून खेळण्याची गोष्ट निराळी. त्यावर २०२५ साली केंद्राने कायद्याने बंदी घातली, ते बरेच झाले. आम्ही बोलतो आहोत ते निव्वळ खेळाविषयी.

त्या बर्फातूनच एका पोराने विचारले, "काका, ह्या बर्फाला सहाच पाकळ्या कामून असतेत?" पैनगंगेच्या काठी राहणाऱ्या आम्हाला बर्फ माहीत तो रसवंतीतला. उत्तर फळीवरच्या पुस्तकात निघाले : पाण्याचे कण गोठताना षट्कोनी रचनेत एकमेकांना धरतात, म्हणून. पोरगा पुस्तक घेऊन गेला तो परत खेळाकडे आला नाही, असे मात्र समजू नका. तासाभराने आला आणि पाकळ्या मोजू लागला.

अशा पुस्तकांचा मूळपुरुष शोधीत गेलो तर आम्ही एका निर्वासितापाशी पोहोचलो. मोराव्हियाचा कोमेनियस हा शिक्षक तीस वर्षांच्या युद्धात देशोधडीला लागला. बायकामुले साथीत गेली, घर गेले. पुढे पोलंडात आसरा घेतला तेथे १६५६ साली गाव जळाले आणि त्यात त्याची हस्तलिखितेही गेली. ह्या माणसाने १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी 'चित्रांतील जग' अशा अर्थाचे पुस्तक छापविले. वर लाकडी ठशाचे चित्र, खाली लॅटिन व जर्मन मजकूर. चित्रातील प्रत्येक वस्तूवर आकडा, आणि तोच आकडा खाली तिच्या नावापाशी. मुलाने बोट आकड्यावर ठेवावे आणि शब्द आपसूक हाती लागावा. आम्हाला ह्या पुस्तकाचे अधिक मोल वाटते ते निराळ्या कारणाने. त्यात भटारी आहे, विणकर आहे, लोहार आहे, कोळी आहे, पुस्तक बांधणाराही आहे. जग म्हणजे केवळ राजवाडा नव्हे, ते कोणीतरी हातांनी चालवितो, हे त्याने मुलांना पावणेचारशे वर्षांपूर्वी दाखविले. आणि त्याच पुस्तकात एक पान मुलांच्या खेळांचे आहे : भोवरा, झोका, उंच काठ्यांवर चालणे. खेळ हा अभ्यासाचा वैरी असता तर त्या अनुभवी गुरूने त्याला पान दिले नसते.

दुसरा माणूस आमच्याच जातीचा, म्हणजे कामगारांच्या. लोहाराचा मुलगा मायकेल फॅरेडे चौदाव्या वर्षी लंडनमध्ये पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवार राहिला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचूनच विज्ञान शिकला. तेथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली. त्यांत त्याने एका मेणबत्तीवर दिलेली व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने निघाली. ती हंगामी व्याख्याने आजही होतात. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्याच वळणावर आज आपण येथे बसलो आहोत. पण ती मोठ्यांसाठी. मुलांची कोणी घातली असती तर बरे झाले असते.

मराठीत बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढून भूगोल व सृष्टिज्ञान विद्यार्थ्यांपुढे ठेवले. १९०६ साली वा. गो. आपट्यांचा 'आनंद' आला. ह्या गोष्टी मुंबई-पुण्याच्या. आमच्याकडे निजामी अंमलात वरची शाळा उर्दूत, १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतच. त्यावर सभेला परवानगी, खाजगी शाळेला परवानगी, आखाड्यालाही परवानगी. म्हणजे पोराने शिकावे की खेळावे, दोन्ही सरकारला विचारून. सप्टेंबर १९४८ नंतर ते संपले. पण चित्रे असलेले मराठी पुस्तक खेड्यातल्या पोराच्या हाती पडावयास आणखी बराच काळ जावा लागला. बालभारती १९६७ ची आणि तिचे 'किशोर' १९७१ चे. त्याचे जुने अंक आता मोबाइलवर फुकट वाचता येतात, हे पुष्कळांना ठाऊकच नाही. पूर्वी पुण्याच्या टेल्को कारखान्यात इंजिनिअर असलेल्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे ह्यांतून भूमिती शिकविली आणि आपली पुस्तके इंटरनेटवर सर्वांना मोकळी ठेवली. ती चित्रे पाहून आमच्या खोलीत अजून काड्या जोडल्या जातात. काड्यापेट्या मात्र वरचेवर नाहीशा होतात.

आता आमच्याच चुकीचे सांगतो. दसरा झाला की तांड्यातांड्यांवरून बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. पोरांची शाळा सुटते, आणि मोबाइलवरची दिवाळीही. फडात रिचार्ज नाही, कोपीत वीज नाही. खेळातल्या पणत्या इकडे लागून विझूनही जातात. पुस्तके तरी सुरक्षित राहावीत म्हणून एका वर्षी आम्ही ती पेटीत घालून कुलूप लावले. किल्ली आमच्या खिशात. पोरे परत आली, पेटी उघडली, तो आत वाळवी. वारुळाचे चित्र असलेले पुस्तकही वाळवीनेच खाल्लेले. पोरे हसली, आम्हाला हसू आले नाही. ज्यांच्यासाठी पुस्तके घेतली त्यांच्यापासूनच आम्ही ती जपली होती.

पुढच्या वर्षी प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर दोन-दोन पुस्तके दिली आणि फाटली तर फाटू द्या म्हणून सांगितले. फाटलीच. काहींना रसाचे डाग, काहींना चुलीची काजळी, दोन आलीच नाहीत. एका मुलीने आणलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने फड काढलेला होता : कोपी, कोयता, मोळी, वाढे, टायरगाडी, काटा. कोमेनियसचे नावही तिने ऐकलेले नव्हते, पण पुस्तकातले पाहून प्रत्येक वस्तूवर तिने आकडा घातला होता आणि खाली नावे लिहिली होती. सात क्रमांकावर एक माणूस वही घेऊन खुर्चीवर बसलेला. खाली लिहिले होते, "७. मुकादम. उचल लिहितो." आठव्या आकड्यावर मोळी डोक्यावर घेतलेली एक लहान मुलगी होती. तिच्यापुढचा शब्द लिहून पुन्हा खोडलेला होता.