माशांचा ऑटोमॅटिक फीडर : कसा निवडावा, कसा लावावा?

ऑटोमॅटिक फीडर म्हणजे ठरलेल्या वेळी फिशटँकमध्ये ठरावीक खाद्य टाकणारे छोटे यंत्र. दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाताना किंवा लग्नकार्यासाठी चार दिवस घर बंद ठेवताना ते उपयोगी पडते. बारामती, इंदापूर भागात आणखी एक निमित्त असते ते आषाढी वारीचे. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत पंढरपूरला जाते. बारामतीपासून पालखीबरोबर चालणाऱ्यांचे घर आठवडाभर किंवा जास्त बंद राहू शकते.

अशा वेळी ‘मासे उपाशी मरतील’ ही पहिली काळजी असते. प्रत्यक्षात मालक बाहेर असताना टाकीतले मासे उपासमारीपेक्षा जास्त खाद्याने दगावण्याची शक्यता अधिक. फीडर निवडताना आणि लावताना हेच आधी लक्षात ठेवावे.

जास्त खाद्य धोक्याचे का?

मासे थंड रक्ताचे असतात. शरीर गरम ठेवण्यासाठी त्यांना अन्न जाळावे लागत नाही. त्यामुळे निरोगी, पूर्ण वाढलेले गप्पी, मोली, एंजल किंवा गोल्डफिश तीन-चार दिवस काही न खाता सहज राहतात. बहुतेक मासे आठवडाही काढतात. पिल्लांचे तसे नसते. त्यांना दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे खाद्य लागते.

न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते आणि त्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात, पण त्यांची क्षमता मर्यादित असते. पाण्याचा पीएच ७ वरून ८ झाला, की अमोनियाचे विषारी रूप साधारण दहापट वाढते. या भागात अनेक ठिकाणी बोअरवेलचे पाणी जड आणि अल्कधर्मी असते. म्हणून टाकीत बोअरचे पाणी असेल, तर खाद्याबाबत जास्त हात आखडता ठेवावा.

उन्हाळ्यात धोका आणखी वाढतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. कुजणारे खाद्यही ऑक्सिजन वापरते. त्यातच लाइट जाऊन हवेचा पंप बंद पडला, तर मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

फीडर लागतोच का?

• १ ते ३ दिवस : मोठ्या, निरोगी माशांना फीडरची गरज नाही.
• ४ ते ७ दिवस : फीडर चालेल, पण दिवसातून एकदाच आणि थोडे खाद्य ठेवावे.
• ७ दिवसांपेक्षा जास्त : फीडर लावावाच, शिवाय मधे एकदा कोणी तरी येऊन टाकी पाहावी.
• टाकीत पिल्ले असतील : फक्त यंत्रावर विसंबू नये.

पाण्यात सोडायचे ‘हॉलिडे ब्लॉक’ही मिळतात. ते हळूहळू विरघळून खाद्य सोडतात, पण किती सोडतील यावर आपला ताबा नसतो. लहान टाकीत त्यांनी पाणी खराब होऊ शकते.

कोणता फीडर घ्यावा?

घरच्या टाकीसाठी फिरत्या डब्याचा फीडर सोयीचा. ठरलेल्या वेळी डबा एक फेरी घेतो आणि फटीतून खाद्य पडते. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

• वीज : पेन्सिल सेलवर चालणारा फीडर लाइट गेली तरी थांबत नाही. फक्त यूएसबीवर चालणाऱ्या काही फीडरचे घड्याळ वीज गेल्यावर शून्यावर येते. मोबाइलवरून चालवायच्या फीडरला वायफायही लागते आणि लाइट गेली की राउटर बंद पडतो.
• फट : ती अगदी लहान करता आली पाहिजे. कमीत कमी खाद्यही जास्त पडत असेल, तर तो फीडर लहान टाकीच्या कामाचा नाही.
• हाताने फिरवायचे बटण : मोजमाप करण्यासाठी ते लागतेच.
• पकड : काचेच्या काठाला किंवा झाकणाला क्लॅम्पने घट्ट बसावा.

बारीक दाणेदार खाद्य या यंत्रात सर्वांत चांगले चालते. पापडीसारखे फ्लेक्स फटीत अडकतात आणि दमट हवेत त्यांचा गोळा होतो.

लावण्याची पद्धत

१. मोजमाप : फीडर टाकीवर न लावता कागदावर धरावा आणि बटण दाबून १० फेऱ्या घ्याव्यात. पडलेले दाणे मोजून १० ने भागावेत. १० फेऱ्यांत २०० दाणे पडले, तर एका फेरीत सरासरी २०. रोज हाताने टाकतो त्याच्या निम्मे पडेल इतकी फट ठेवावी.

२. जागा : फिल्टरच्या धारेपासून आणि हवेच्या बुडबुड्यांपासून दूर लावावा. धारेत पडलेले खाद्य फिल्टरमध्ये ओढले जाते, तर बुडबुड्यांच्या तुषारांनी फट ओली होऊन बंद होते. झाकणाला वाफ जाण्यासाठी जागा ठेवावी. ही काळजी पावसाळ्यात जास्त घ्यावी.

३. वेळ : टाकीत उजेड असतानाची वेळ ठेवावी. दिवा टायमरवर असेल, तर तो लागल्यानंतर तासाभराने खाद्य पडू द्यावे. काही साध्या फीडरमध्ये ‘दर १२ तासांनी’ किंवा ‘दर २४ तासांनी’ एवढाच पर्याय असतो. त्यात बटण दाबल्या क्षणापासून वेळ मोजली जाते, म्हणून तो सकाळीच सुरू करावा.

४. चाचणी : निघण्याआधी किमान ५ ते ७ दिवस फीडर घरी असतानाच चालवावा. टाकलेले खाद्य दोन-तीन मिनिटांत संपले पाहिजे. तळाशी दाणे दिसले, तर फट आणखी कमी करावी.

५. सेल : निघताना नवे सेल घालावेत आणि डब्यात कोरडे, ताजे खाद्य भरावे.

निघण्याआधी टाकीची तयारी

दोन दिवस आधी पाव टाकी पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढणारे औषध वापरावे. त्याच वेळी फिल्टर धुऊ नये, कारण अमोनिया हाताळणारे जिवाणू त्यासोबत निघून जातात. शेवटच्या दोन आठवड्यांत नवे मासे आणू नयेत. लाइट जाण्याचा त्रास असेल, तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावावा. फिल्टर आणि हवा बंद पडली, तर चांगला फीडरही माशांना वाचवू शकत नाही.

शेजाऱ्यांना काय सांगावे?

चावी शेजारी देणार असाल, तर खाद्याचा डबा देऊ नये. ‘एवढ्याने काय होते’ म्हणून मूठभर खाद्य पडते आणि फीडरची सगळी मोजणी फुकट जाते. फीडर चालू असेल, तर त्यांनी फक्त तीन गोष्टी पाहाव्यात : पंप चालू आहे का, पाणी गढूळ झाले आहे का आणि एखादा मासा मेला आहे का. मेलेला मासा लगेच काढायला सांगावे. पाणी गढूळ दिसले, तर फीडर बंद करावा.

फीडर नसेल, तर एका वेळच्या खाद्याची एक अशा कागदी पुड्या बांधून त्यावर वार लिहावा आणि एक दिवसाआड एकच पुडी टाकायला सांगावे. आठवड्यासाठी तीन-चार पुड्या पुरतात.