परसातील मायाळू : एका वेलाचा नामेतिहास

पालेभाज्यांच्या इतिहासास साधने थोडी. धान्याखालील जमिनीचा हिशेब महसुली दप्तरांत सापडतो. कुंपणावर चढलेल्या मायाळूची मोजणी कोण करणार? शिवाय या वेलाचे दोन-तीन पेरांचे कांडे ओल्या मातीत खोचले की ते सहज मूळ धरते. शेजारणीने शेजारणीस कांडे द्यावे, इतक्यात लागवड होते. व्यवहार नाही, म्हणून नोंदही नाही. अशा वनस्पतीच्या बाबतीत तिची नावे आणि लागवडीची रीत यांनाच साधने मानावे लागेल.

संस्कृतात ही ‘उपोदिका’. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिला मद हरणारी म्हटले असून, तिळाच्या कल्कात शिजविल्यास ती अतिसारास कारण होते, असा इशाराही दिला आहे. वैद्यकाइतकेच या इशाऱ्याला इतिहासदृष्ट्याही मोल आहे. कारण तो औषधाच्या खलाचा नसून चुलीवरच्या भांड्याचा आहे. भावप्रकाशात तिलाच ‘पोतकी’ म्हटले आहे. हिंदी ‘पोई’ या नावाच्या जवळचे. दक्षिणेत मात्र कन्नड ‘बसळे’, तेलुगू ‘बच्चलि’, तमिळ ‘पसलै’ अशी निराळीच मालिका आढळते. मराठी ‘मायाळू’ या दोहोंत बसत नाही. पानांच्या बुळबुळीत, चिकट गुणावरून मायेचा संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे.

यांपैकी दक्षिणी मालिकाच युरोपात पोहोचली. मलबारचा डच प्रशासक हेंड्रिक व्हान ऱ्हीडे याच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या (1678–1693) ग्रंथातील सातव्या खंडात हा वेल ‘बासेल्ला’ या नावाने आला आहे. लिनियसने 1753 मध्ये तेच नाव प्रजातीस दिले आणि तांबडी व पांढरी अशा दोन जाती मानल्या. आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ दोहोंना एकच जात समजतात. परसात दोन्ही वेल एकाच मांडवावर चढविणाऱ्या गृहिणीस यात नवल वाटू नये.

येथे श्रेयाचा प्रश्न उपस्थित होतो. ऱ्हीडेच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांचे 1675 चे निवेदन नागरी लिपीत छापलेले आहे. मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन याचीही साक्ष त्यात आहे. ऱ्हीडेने निदान एवढी नोंद ठेवली. लिनियसच्या संदर्भात ग्रंथाचे नाव उरले, माणसे गळाली. ज्यांनी वेल राखला त्यांची नावे तर ऱ्हीडेकडेही नाहीत.

‘मलबारचा पालक’ हे इंग्रजी नाव त्याहून दिशाभूल करणारे आहे. पालक थंडीचे पीक. उन्हाळा लागला की तो फुलावर येऊन वाया जातो. मायाळू नेमका तेव्हाच जोर धरतो. त्यास ऊब, आधार आणि सतत ओल हवी (‘उपोदिका’ या शब्दात ‘उदक’ आहेच). शेंडे खुडावेत, म्हणजे बगलेतून नवे फुटवे येतात. दिवस लहान होऊ लागले की फुले धरतात व पाने निबर होतात. मग जांभळी फळे पिकतात, मुलांची बोटे रंगतात. खाली पडलेले बी पुढील पावसाळ्यात न पेरताच उगवते.