नवापूरची तूर आणि मुळांवरील जिवाणू

नवापूर परिसरातील आदिवासी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या तुरीच्या डाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तुरीमुळे जमिनीचा कस टिकतो, या जुन्या अनुभवाचे शास्त्रीय कारण १८८८ मध्ये उलगडले. त्या वर्षी हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात हे सिद्ध केले, तर हॉलंडच्या बेयरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू, म्हणजेच रायझोबियम, वेगळे केले. या जिवाणूंना साधारणतः २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. माती त्याहून फार तापली, की गाठी कमी धरतात आणि नत्र स्थिरीकरण मंदावते. म्हणूनच वाढत्या उष्म्यात पालापाचोळ्याचे आच्छादन आणि शेणखत यांनी माती थंड व ओलसर राखणे, हे या वारशाच्या रक्षणाचे अत्यावश्यक कर्तव्य ठरते.