जीव वाचला, आवाज गेला: पुढे काय?

३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदाने कर्करोगाने ग्रासलेले संपूर्ण स्वरयंत्र काढले. त्याचा सहकारी कार्ल गुसेनबाउअर याने त्या रुग्णासाठी कृत्रिम स्वरयंत्र घडवले. काही महिन्यांत रोग उलटला आणि रुग्ण दगावला. परंतु एक प्रश्न कायमचा उभा राहिला: रोगातून सुटलेल्या माणसाने बोलावे कसे?

स्वरयंत्र हे ध्वनीचे केवळ उगमस्थान आहे. फुप्फुसांतील हवेने स्वरतंतू कंप पावतात. त्या कंपनाला अक्षरांचे रूप देतात ते घसा, जीभ, टाळू आणि ओठ. शस्त्रक्रियेनंतर श्वासनलिका मानेवरील छिद्रात उघडते. उगम नाहीसा होतो, रूप देणारे अवयव मात्र बहुधा शाबूत राहतात. म्हणूनच दुसरा कंपक मिळाल्यास वाणी परत येऊ शकते. अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरेसारखी सोडणे ही जुनी रीत. मानेला टेकवायचे विद्युत कंपनयंत्र ही दुसरी. १९७०च्या दशकाअखेरीस अमेरिकेत ब्लॉम व सिंगर यांनी तिसरी रीत आणली: श्वासनलिका व अन्ननलिका यांमधील एकमार्गी झडप. छिद्र बोटाने मिटले की फुप्फुसांतील हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते आणि तेथील भिंत कंप पावते.

या रीती शिकवाव्या लागतात. पाटीवर लिहून मन मोकळे करणे साक्षरालाच शक्य. निरक्षर रुग्णाच्या वाट्याला दुहेरी मौन येई. या दृष्टीने १९६५ साली केंद्र सरकारने म्हैसूर येथे वाक् व श्रवण यांसाठी स्थापन केलेल्या अखिल भारतीय संस्थेचे महत्त्व मोठे आहे. वाणीचे पुनर्वसन हे शास्त्र म्हणून शिकवण्याची सोय तेथे झाली आणि स्वरयंत्राविना उमटणाऱ्या वाणीवर संशोधनही झाले.

निवड कोणाची, हा प्रश्न १९८१ साली बार्बरा मॅकनील व सहकाऱ्यांनी ऐरणीवर आणला. त्यांनी ३७ निरोगी व्यक्तींना विचारले: शस्त्रक्रियेने आयुष्य वाढण्याची शक्यता अधिक, पण आवाज जाणार, किरणोपचाराने आवाज राहील, पण ती शक्यता घटेल. काय निवडाल? सुमारे २० टक्के लोकांनी आवाज निवडला. १९९१ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ३३२ रुग्णांच्या चाचणीने दाखवले की आधी रसायनोपचार व मग किरणोपचार दिल्यास ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचते. दोन वर्षांनंतरचे जगण्याचे प्रमाण दोन्ही गटांत ६८ टक्केच होते.

केवळ जगलेली वर्षे मोजणे अपुरे ठरले. १९९३ साली युरोपात जीवनमानाची ३० प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध झाली. तिचे मराठी व हिंदी अनुवाद मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांवर पडताळले गेले; तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. पुढे बंगळूरच्या डॉ. विशाल राव यांनी अत्यल्प किमतीची स्वरझडप तयार केली. परदेशी झडपेसाठी हजारो रुपये मोजावे लागत.

साधने आली, माहितीचे काम मात्र प्रत्येक रुग्णापाशी नव्याने सुरू होते. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी त्याला त्याच्याच भाषेत सांगायला हवे: श्वास मानेतून घ्यावा लागेल, वास मंदावेल, अंघोळीचे पाणी छिद्रात जाऊ देता येणार नाही, आणि पुन्हा बोलण्याचे मार्ग तीन आहेत. त्यावरचे प्रश्न त्याने स्वतःच्या आवाजात विचारावेत, याला तीच एक वेळ असते.