प्रादेशिक समतोल व लोकसंघटना : मराठवाडा

राज्याच्या अथवा राज्यसमूहाच्या सर्व विभागांना विकासाचा न्याय्य वाटा मिळावा, या हेतूने आखलेल्या धोरणास ‘प्रादेशिक समतोलाचे धोरण’ म्हणतात. विषमता मोजणे आणि ती दूर करण्यासाठी निधीचे वाटप करणे, ही त्याची दोन अंगे होत. दोन्ही कामे शासनाची मानली जातात. तथापि मापदंड कोणता असावा व वाटपावर देखरेख कोणी ठेवावी, हे प्रश्न प्रायः नागरिकांच्या संघटनांनीच पुढे आणले आहेत. या दृष्टीने मराठवाड्याचा व त्यातील धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्याचा अनुभव बोधप्रद आहे.

पार्श्वभूमी : हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राजकीय हालचालींवर निर्बंध असल्यामुळे लोकजागृतीचे कार्य मुख्यतः शाळा, ग्रंथालये व परिषदा यांच्या द्वारा झाले. धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे भरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आले.

तत्पूर्वी २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात निधिवाटपाचे तत्त्व स्वीकारले. शिवाय मराठवाड्याच्या मागासलेपणामुळे त्याच्याकडे विशेष लक्ष देण्याचे मान्य केले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. तथापि ही तरतूद अनिवार्य नव्हती. प्रत्यक्ष मंडळे स्थापन होण्यास ३८ वर्षे लागली.

लोकांचा आग्रह : या दीर्घ काळात मागणी जिवंत ठेवण्याचे श्रेय मुख्यतः लोकसंघटनांना द्यावे लागते. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थ्यांचा मोठा सहभाग होता. गोविंदभाई श्रॉफ (१९११–२००२) यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने सिंचन, रुंदमापी लोहमार्ग, शिक्षण इ. प्रश्न सातत्याने मांडले. विकास हे अनुदान नसून हक्क आहे, ही या चळवळीची भूमिका होती. हक्क म्हटला की त्याचे मोजमाप हवे. त्यातूनच ‘अनुशेष’ ही संज्ञा सार्वजनिक चर्चेत रूढ झाली.

मापदंडाचा वाद : १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. तिने १९८४ च्या अहवालात जिल्हा हा घटक व राज्याची सरासरी हा निकष धरून रस्ते, सिंचन, आरोग्य, पाणीपुरवठा, शिक्षण इ. नऊ क्षेत्रांतील अनुशेष काढला. एकूण ३,१८६.७८ कोटी रुपयांपैकी मराठवाड्याचा वाटा ७५०.८५ कोटी, म्हणजे २३.५६ टक्के भरला. जिल्हा हा घटक धरल्याने उर्वरित महाराष्ट्राच्या वाट्यासही ३७.३२ टक्के अनुशेष आला. त्यामुळे विभागांना दिलेल्या आश्वासनाचा मूळ हेतू दुबळा झाला, असा आक्षेप विदर्भ-मराठवाड्यातून घेतला गेला. उलट, विभाग हा घटक धरल्यास औरंगाबाद व उस्मानाबाद यांच्यातील अंतर दिसेनासे होते, हेही तितकेच खरे.

१ मे १९९४ रोजी वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली व समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे आली. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये ठरविला. त्यात मराठवाड्याचे ४,००४.५५ कोटी (२८.५९ टक्के) होते. किंमतवाढीमुळे दोन्ही रकमांची थेट तुलना करता येत नाही. पण हिस्सा घटण्याऐवजी वाढला, हे लक्षणीय होय. विजय केळकर समितीनेही (अहवाल २०१३) या प्रश्नाचा पुन्हा विचार केला.

यूरोपशी तुलना : यूरोपीय समुदायाने १९७५ मध्ये प्रादेशिक विकास निधी स्थापला व १९८६ च्या एकल यूरोपीय कायद्यात ‘आर्थिक व सामाजिक एकसंधता’ हे उद्दिष्ट नमूद केले. तेथे दरडोई उत्पन्न समुदायाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असलेल्या प्रदेशांना अग्रक्रम मिळाला. १९८८ च्या सुधारणांनी भागीदारीचे तत्त्व आणले. ते प्रथम शासनसंस्थांपुरते होते. पुढे मालक-कामगार संघटना व २०१४ च्या आचारसंहितेने नागरी संस्थाही त्यात आल्या. हा सहभाग पुष्कळदा औपचारिकच राहतो, अशी तेथील संस्थांची तक्रार असते. तथापि तो नियमाने दिलेला आहे. महाराष्ट्रात लोकसंघटनांनी दबाव आणला, निवेदने दिली, आकडे तपासले. पण वाटपाच्या व्यवस्थेत त्यांना निश्चित स्थान मिळाले नाही.

धाराशिव जिल्हा : ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूरबरोबर या जिल्ह्यातील सास्तूर व परिसराची मोठी हानी केली. पुनर्वसनात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावातील स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून घरदुरुस्तीचे काम लोकांपर्यंत नेले. अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने ग्रामीण स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले. जिल्ह्याच्या सरासरीत न दिसणारी गावागावांतील व घराघरांतील विषमता अशा कामातून प्रकट झाली. पाण्याचा प्रश्न मात्र स्थानिक प्रयत्नांच्या आवाक्याबाहेरचा आहे. जिल्ह्याचा पश्चिम भाग सीना नदीमुळे कृष्णा खोऱ्यात मोडतो. म्हणून कृष्णेच्या पाण्यातील हिस्सा ही येथील जुनी मागणी आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांत याचा समावेश केला. राज्यनिर्मितीनंतर ५८ वर्षांनी ही वेळ यावी, यातच अनुशेषाच्या राजकारणाचे अपुरेपण दिसते.

मूल्यमापन : विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्स्थापनेची शिफारस केली. मंडळांची मुदत संपल्याने विभागवार देखरेखीची वैधानिक यंत्रणाच खंडित झाली, याचे कारण त्यांचे अस्तित्व मुदतवाढीच्या आदेशांवर अवलंबून होते. लोकसंघटनांनी आश्वासनाचे रूपांतर मोजता येणाऱ्या हक्कात केले, ही मराठवाड्याच्या चळवळीची मोठी कामगिरी होय. परंतु मोजणाऱ्यांमध्ये लोकांना कायमचे स्थान मिळविणे तिला साधले नाही.