सुवाळीच्या किनाऱ्यावर

नाताळच्या सुट्टीत न्यायालये मिटली की वकिलाला विश्रांती मिळते. पण ती उपभोगण्याची विद्या मात्र त्याला क्वचितच अवगत असते. अशिलांचे कागद घरी ठेवून कोठेतरी समुद्रकाठच्या लहानशा गावी चार दिवस स्वस्थ पडून राहावे, असा संकल्प मी कित्येक वर्षे करीत आलो आहे. आजकाल सुखवस्तू मंडळी अशा विसाव्यासाठी ग्रीस देशाच्या बेटांवरील कोळीवाड्यांपर्यंत जातात म्हणे. माझी धाव सुरतेपाशीच संपली. तेथील एका स्नेह्यांनी डुमस गावी आपल्या ओळखीचे एक घर मिळवून दिले आणि मी एका पिशवीत दोन धोतरे व चार पुस्तके घालून तेथे जाऊन दाखल झालो.

सुरतेच्या नैर्ऋत्येस, तापी जेथे खंबायतच्या आखाताला मिळते त्या मुखाच्या दक्षिण तीरावर डुमस वसले आहे. आपल्या कोकणच्या किनाऱ्याची सर या किनाऱ्याला नाही, हे आधीच सांगून टाकतो. येथील वाळू काळी, लोहमिश्रित. पाणी नदीच्या गाळाने सदैव मातकट. आणि ओहोटी लागली म्हणजे समुद्र इतका दूर जातो की तो रागावून निघून गेला की काय असे वाटावे. रविवारी सुरतकर मंडळी लोटतात, टोमॅटोची भजी खातात, थंडीच्या दिवसांत ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा पोंक खातात आणि दिवेलागणीला परततात. आठवड्याच्या इतर दिवशी मात्र किनारा शांत असतो. तेथे दरिया गणेशाचे मंदिर आहे. समुद्रासन्मुख गजाननाचे दर्शन घेताना ज्याला गोकर्णाचे स्मरण होणार नाही असा आपल्या मंडळींत कोणी असेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आरती आटोपून मी बांधावर बसलो असता शेजारी एक वृद्ध गुजराती गृहस्थ येऊन बसले. बोलण्याच्या ओघात मी महाराष्ट्रातून आलो, वकिली करतो, हे त्यांना समजले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे शिवाजी महाराजांच्या मुलखातले! वकीलसाहेब, आमच्या शहराला तुम्ही दोनदा लुटलेत. आता खटला चालवायचा म्हटला तर तुम्ही कोणाचे वकीलपत्र घ्याल?’’

प्रश्न थट्टेचा होता. त्यात कडवटपणा नव्हता. पण मला उत्तर सुचले नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. शाळेपासून ‘सुरतेची लूट’ हा शब्दप्रयोग आपण एखाद्या पराक्रमाच्या नावासारखा उच्चारीत आलो. जे शहर लुटले गेले त्याच्या किनाऱ्यावर बसून, तेथील पाहुणचार घेत असताना तोच शब्द निराळा ऐकू येतो. माझी अडचण ओळखून त्या गृहस्थांनी नदीमुखापलीकडे बोट दाखविले. तेथे हजिऱ्याच्या कारखान्यांचे दिवे लागले होते. ‘‘त्याच्या मागे सुवाळी आहे,’’ ते म्हणाले, ‘‘सुरतेचा खरा दरवाजा तो. निकाल देण्यापूर्वी तो पाहून या.’’

दुसऱ्या दिवशी मगदल्ल्याजवळून तापीचा पूल ओलांडून, इच्छापोर मागे टाकून मी सुवाळीस गेलो. वाटेवर वायू, खत आणि पोलाद यांचे प्रचंड कारखाने आहेत. ते संपल्यावर एकाएकी बाभळी, खाजण आणि उघडा किनारा लागतो. पाहण्यासारखे तेथे काही नाही. किल्ला नाही, धक्का नाही. तरीसुद्धा हिंदुस्थानच्या इतिहासातील एक मोठे खाते याच वाळूवर उघडले गेले.

त्याचे कारण भूगोलात आहे. सुरत शहर समुद्रापासून काही मैल आत, तापीच्या काठी आहे, आणि नदीच्या मुखाशी गाळाचा दांडा असल्यामुळे मोठी जहाजे भरल्या मालानिशी शहरापर्यंत चढू शकत नसत. मुखाच्या उत्तरेस सुवाळीसमोर मात्र किनारा आणि एक लांबट वाळूचा बांध यांच्यामध्ये खोल पाण्याचा पट्टा होता. त्यात शिरलेल्या जहाजाला बाहेरच्या लाटांचा त्रास नसे, आणि शत्रूच्या अवजड गलबतांना आत येणे कठीण जाई. इंग्रज दर्यावर्दी या जागेला ‘सुवाळीचे भोक’ म्हणत. पावसाळा संपला की जहाजे येथे नांगर टाकीत आणि माल लहान होड्यांतून व बैलगाड्यांतून शहरात जाई.

त्या काळी या समुद्रावर सत्ता कोणाची होती, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. गोव्यास ठाण मांडून बसलेले पोर्तुगीज आपल्या परवान्यावाचून कोणाचेही जहाज चालू देत नसत. ज्यांच्या राज्यात १५६० साली कुशस्थळीच्या श्रीमंगेशाला आपले स्थान सोडून नदीपलीकडे अंत्रुजात आश्रय घ्यावा लागला, ज्यांच्या भयाने आपल्या पूर्वजांनी कुलदेवता पालखीत घेऊन रात्रीच्या रात्री घरेदारे सोडली, तीच ही सत्ता. दिल्लीचा बादशहा जमिनीवर सार्वभौम खरा, पण त्याच्या प्रजेने मक्केस जावयाचे तर परवाना गोव्याच्या फिरंग्याचा घ्यावा लागे. १६१३ साली तर खुद्द जहांगीर बादशहाच्या मातेचे ‘रहिमी’ नावाचे जहाज, परवाना असतानाही, पोर्तुगिजांनी यात्रेकरूंसह धरून नेले. सार्वभौमत्वाचा दावा आणि प्रत्यक्ष ताबा यांत केवढे अंतर असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण कायद्याच्या पुस्तकातही सापडणार नाही.

त्या सत्तेला पहिला मोठा धक्का या सुवाळीपाशी बसला. १६१२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस कॅप्टन टॉमस बेस्ट याने ‘रेड ड्रॅगन’ व ‘होसिअँडर’ या दोन जहाजांनिशी पोर्तुगिजांच्या चार मोठ्या गलबतांना व त्यांच्याबरोबरच्या लहान नौकांच्या ताफ्याला येथे मागे रेटले. किनाऱ्यावरून मोगल अंमलदार हे पाहत होते. लगेच पुढील वर्षी सुरतेत इंग्रजांची कायमची वखार सुरू झाली. १६१५ च्या आरंभी गोव्याचा विसुरई आझेवेदो स्वतः मोठे आरमार घेऊन सुवाळीवर आला. निकोलस डाउंटन याने त्यालाही हात हलवीत परत पाठविले. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच वाळूवर उतरला.

आपल्या देवांना ज्यांनी देशोधडीस लावले त्यांचा गर्व येथे उतरला, म्हणून गोमंतकीय मनाला क्षणभर समाधान वाटणे स्वाभाविक आहे. मलाही ते वाटले. परंतु हे समाधान टिकाऊ नव्हे. फिरंग्याला हटविणारा हात आपला नव्हता. आणि ज्याच्या हाताने शत्रू हटतो, तो आपल्या श्रमाचा मोबदला मागितल्यावाचून राहत नाही.

पुढील साठ-सत्तर वर्षे सुवाळी म्हणजे ऋतुमानाप्रमाणे उगवणारे व मावळणारे एक गाव होते. पावसाळा सरला की इंग्रज व डच वखारवाले किनाऱ्यावर तंबू ठोकीत. त्यांच्यामागोमाग सुरतेचे वाणी येऊन बांबूच्या झोपड्यांत दुकाने मांडीत. कापडाचे गठ्ठे, नीळ, रुपे, सर्व उलाढाल वाळूवर चाले. जहाजे परत निघाली की झोपड्या मोडल्या जात आणि किनारा पुन्हा टिटव्यांचा होई.

या व्यापाऱ्यांच्या गर्दीत एक माणूस मात्र निराळाच होता. टॉम कोरियट हा इंग्रज प्रवासी कसलाही व्यापार न करता, केवळ पाहण्यासाठी घराबाहेर पडला होता. झांते, खिओस ही ग्रीक बेटे आणि कॉन्स्टंटिनोपल पाहून तो सिरियातील हलब शहरापासून पायी चालत अजमेरपर्यंत आला. तेथे झरोक्याखाली उभे राहून त्याने जहांगिरापुढे फारसीत भाषण केले आणि शंभर रुपये बक्षीस मिळविले. राजवकील रो याला इंग्रजाने अशी याचना करणे लाजिरवाणे वाटले. १६१७ च्या डिसेंबरात हा भटक्या थकून, आजारी होऊन सुरतेस पोहोचला, तेथील देशबांधवांनी आग्रहाने पाजलेले मद्य त्याला बाधले आणि तेथेच त्याचा अंत झाला. सुवाळीजवळ राजगरी येथे त्याची म्हणून एक घुमटी दाखवितात. मी तेथे थोडा वेळ बसलो. हिंदुस्थानात आलेल्या त्या सर्व इंग्रजांत ज्याला येथून काहीच न्यावयाचे नव्हते असा हा एक, आणि तो येथेच राहिला.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या खटल्याकडे वळू. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा शहराभोवती धड तट नव्हता. सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा खर्च सरकारातून घेत असे, पण फौज ठेवीत नसे. संकट येताच तो किल्ल्यात शिरून बसला आणि रयत उघड्यावर राहिली. चार दिवस शहर जळत व लुटले जात होते. विरजी व्होरासारख्या, इंग्रज कंपनीलाही कर्ज देणाऱ्या, सावकाराचा वाडा खणून काढला गेला. मराठ्यांच्या बाजूने सांगावयाचे ते खोटे नाही. मोगल फौजा, विशेषतः शाएस्ताखानाच्या, महाराष्ट्र वर्षानुवर्षे उजाड करीत होत्या आणि त्या फौजांचा खर्च सुरतेसारख्या बंदरांच्या जकातीतून निघत होता. शत्रूच्या तिजोरीवर घाव घालणे हा युद्धाचा धर्मच होय. परंतु ज्याचे घर जळले त्याला हा युक्तिवाद ऐकवून समाधान देता येत नाही, हेही तितकेच खरे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे न्यायासनापुढे वीस वर्षे उभे राहून मी शिकलो आहे.

इंग्रज मात्र आपल्या वखारीतून हलले नाहीत. अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन याने सुवाळीच्या जहाजांवरील खलाशी बोलावून वखार लढविली आणि राखली. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज दुसऱ्यांदा आले तेव्हा तर नवा अध्यक्ष जेरल्ड आँजिए बहुतेक माल व मंडळ घेऊन आधीच सुवाळीस जाऊन बसला होता; शहरातील वखार स्ट्रेन्शॅम मास्टर याने पन्नासएक खलाशांनिशी सांभाळली. ज्याच्यामागे समुद्र होता तो वाचला; ज्याच्यामागे बादशहा होता तो लुटला गेला. सुरतेच्या सावकारांनी हा धडा वाचला नसेल काय?

हा धडा आपल्याकडे एका पुरुषाने मात्र पुरता ओळखला होता. कल्याण-भिवंडीच्या खाडीत महाराजांची जहाजबांधणी सुरतेच्या स्वारीपूर्वीच सुरू झाली होती. पण कालक्रम पाहावा. सुरत जानेवारीत, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा मुहूर्त, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः तीन मोठी व पंचाऐंशी लहान जहाजे घेऊन समुद्रमार्गे बसरूरवर गेले. परतताना ते गोकर्णास उतरले आणि शिवरात्रीच्या पर्वावर महाबळेश्वराचे दर्शन घेऊन पुढे कारवारकडे वळले. ज्या किनाऱ्यावर दीडशे वर्षे फिरंग्याची सत्ता चालली होती, तेथे हिंदू राजा स्वतःच्या आरमारातून तीर्थयात्रेस आला, ही घटना बसरूरच्या लुटीहून मला मोठी वाटते. मोगलांनी असे आरमार उभारलेच नाही. ते जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पगारी ठेवून स्वस्थ राहिले.

परतीच्या दिवशी मी सुरतेतील इंग्रजांची जुनी दफनभूमी पाहिली. ख्रिस्तोफर व जॉर्ज या ऑक्झेंडन बंधूंची घुमटदार समाधी एखाद्या नबाबाच्या मकबऱ्याशी स्पर्धा करील इतकी भव्य आहे. जॉर्ज १६६९ त मेला. आदल्याच वर्षी मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात वर्षाला दहा पौंड भाड्याने आले होते. १६८७ साली इंग्रजांनी आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले. पुढे नदी गाळाने भरली, मोगलांचा अंमल ढासळला, गुजरातच्या वाटा लढायांनी असुरक्षित झाल्या आणि या लढायांत पेशव्यांचा व गायकवाडांचा वाटा लहान नव्हता. सुरत ओसरली, मुंबई भरली. दोन लुटींतून सुरत सावरली होती. व्यापारच उठून गेल्यावर मात्र तिला पूर्वीचे वैभव आले नाही.

त्या सायंकाळी डुमसला परतताना माझ्या रिक्षाचा चालक फोनवर अहिराणीत बोलत होता. चौकशी केली. नंदुरबारकडचा; भाऊ लिंबायतेत राहतो, मागावर काम करतो; गावची निम्मी पोरे इकडेच आहेत. तापीच्या खोऱ्यातून भुसावळहून येणारी रेल्वे आज हजारो खानदेशी माणसे सुरतेत उतरविते. ती येथले कापड विणतात, येथेच मुले वाढवितात.

वृद्ध गृहस्थ बांधावर नेहमीच्या जागी बसले होते. मी म्हटले, ‘‘काका, वकीलपत्र कोणाचेच घेत नाही. मला या खटल्यात पक्षकार समजा. आमचे जे येणे होते ते आम्ही जाळपोळ करून वसूल केले. देणे राहिले होते, ते आमची माणसे आता मागावर बसून फेडीत आहेत.’’

ते काही वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘आणि आम्ही त्यांना मजुरी पुरती देतो की नाही, हा दुसरा खटला.’’

तेवढ्यात दरिया गणेशाच्या आरतीची घंटा वाजली आणि आम्ही दोघेही उठलो.